ऑलिंपसमध्ये पैसे घातले, आता सगळे म्हणतात ब्रँड संपला. विकू का?

टिटवी

नमस्कार मंडळी. राहणार नागपूरचं मानेवाडा, नोकरी शाळेत, पक्ष्यांचं वेड उशिरा लागलेलं. जरा लांबण लावते, कारण नुसतं 'कोणता कॅमेरा चांगला' विचारलं की इथे काय महाभारत होतं ते पाहिलंय.

माझ्याकडे ऑलिंपस ई-एम१ मार्क टू आणि ३०० एमएम एफ/४ प्रो आहे. दोन्ही सेकंडहँड, पुण्याच्या एका गृहस्थांकडून, माझी भिशी लागली तेव्हा घेतलेलं. दीड लाखाच्या वर गेले. घरी 'लाखभर' सांगितलंय, त्यामुळे नातेवाईकांपैकी कोणी इथे असेल तर त्यांनी हे वाक्य वाचलंच नाही असं समजावं.

ऑलिंपसच का, तर खांदा. उजवा फ्रोझन शोल्डर होऊन गेलाय. मैत्रिणीच्या यजमानांची ६०० एमएम उचलून पाहिली होती, नुसती लेन्स चार किलोला जरा कमी. माझं बॉडी-लेन्स मिळून दोन किलोच्या आसपास, आणि सेन्सर लहान असल्यामुळे ३०० ची पोहोच ६०० एवढी मिळते. अंबाझरी तलावाच्या पाळीवर मी ट्रायपॉडशिवाय उभी राहू शकते. शिवाय प्रो कॅप्चर. बटण अर्धं दाबून धरायचं, कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख मारत लटकलेला असतो, तो खाली सुटला की मग पूर्ण दाबायचं, आणि कार्डावर दाबायच्या आधीचे फ्रेमसुद्धा आलेले असतात. माझ्या वयाच्या बोटांना याहून मोठी मदत नाही.

आता प्रश्न. थंडीत बदकं बघायला जाते तिथे एक ग्रुप भेटतो, सगळ्यांच्या हातात पांढऱ्या नळकांड्या, म्हणजे मोठ्या लेन्स. त्यातल्या एकानं माझ्या कॅमेऱ्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "ताई, ही कंपनी तर बंद पडली. आता पार्ट भेटणार नाही, बॅटरी भेटणार नाही. असेल तेवढ्यात काढून टाका." सीताबर्डीवर एका दुकानात सहज विचारलं तर मी दिले त्याच्या अर्ध्याहून कमी सांगितले, तेही अशा चेहऱ्यानं की माझ्यावर उपकारच करून राहिले.

माझ्या मनात १.४ चा टेलिकन्व्हर्टर (बॉडी आणि लेन्सच्या मधे लावून पोहोच १.४ पट करणारा) घ्यायचा होता, आणि जमलं तर एक दुसरी बॉडी. आता कळेना, आणखी पैसे यात घालायचे की आहे ते विकून दुसरीकडे जायचं? 'मनाचं ऐका' सोडून काहीही सांगा.

आयएसओ६४००

ताई, स्पष्ट सांगू का? विका. ब्रँड जगो नाहीतर मरो, तो मुद्दाच नाही. मुद्दा सेन्सरचा आहे. तुमचा सेन्सर १७ गुणिले १३ मिलिमीटरचा, फुल फ्रेम ३६ गुणिले २४ चा. म्हणजे जवळजवळ चौपट जागा. ताडोब्यात सकाळच्या सफारीला मोहर्ली गेटमधून आत शिरलं की पहिला पाऊण तास उजेडच नसतो, वाघ दिसतो तो नेमका तेव्हा. ६४०० आयएसओला (कमी उजेडासाठी सेन्सरची संवेदना एवढी वाढवल्यावर) तुमच्या फोटोत वाघाच्या अंगावर पट्टे कमी आणि दाणे जास्त दिसतील. आज अर्धे मिळून राहिले, पुढच्या वर्षी पाव मिळतील.

बिनघाई

आयएसओभाऊ, ताईंनी वाघाचं नाव तरी काढलं का? त्या खंड्याबद्दल बोलून राहिल्या, तोही भर उन्हातला.

माझं सांगतो. निकॉन डी५०० आणि २००-५०० ची लेन्स. कंपनी ठणठणीत आहे, पण माझा कॅमेरा २०२२ मध्ये बंद झाला आणि डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) त्याच्या जागी दुसरा आला नाही. १९५९ पासूनचा एफ माउंट (लेन्स बॉडीला जोडायची कडी), अन् आता नवं जे काही येतं ते झेड माउंटचं. तेव्हा आमच्या ग्रुपमध्येही अशीच पळापळ झाली होती. एकेकानं मिळेल त्या भावात लेन्स काढल्या. माझी २००-५०० त्याच पळापळीत हाती लागली, पेटीसकट, काचेवर साधा ओरखडा नाही. कॅमेरा अजून पक्षी टिपतो. उद्या बॉडी गेलीच तर एफटीझेड अडॅप्टर लावून हीच लेन्स नव्या बॉडीवर चालेल. फक्त जुन्या एएफ-डी लेन्स, ज्यांना बॉडीतली मोटर लागते, त्यांचा ऑटोफोकस त्या अडॅप्टरवर चालत नाही.

तुमच्या ब्रँडचं मला माहीत नाही, पण पाळीवर भेटलेल्या माणसाच्या सल्ल्यानं दीड लाखाची वस्तू काढू नका.

जुना शटर

दुकानात बसून टाइप करून राहिलो, मधे गिऱ्हाईक आलं तर तुटेल, सांभाळून घ्या.

टिटवीताई, माझा धंदा रिपेअरचा. झेनिट, पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम२ पासून हात काळे केले. तुम्ही विचारून राहिल्या ब्रँड राहील का. माझ्या टेबलावरून हा प्रश्न वेगळा दिसतो. नाव राहतं का यापेक्षा माउंट राहतो का आणि पार्ट मिळतात का, हे दोन बघायचे.

कोनिका मिनोल्टानं जानेवारी २००६ मध्ये सांगितलं की आम्ही कॅमेऱ्याच्या धंद्यातून चाललो. तेव्हा शहरातल्या मिनोल्टावाल्यांची तोंडं पाहण्यासारखी होती. पण डिजिटल एसएलआरचा कारभार सोनीनं घेतला, त्याच वर्षी त्याच माउंटचा ए१०० काढला, आणि २०२१ पर्यंत तो माउंट चालवला. म्हणजे ज्यानं १९८५ साली मिनोल्टाची ऑटोफोकस लेन्स घेतली त्याला कंपनी कॅमेऱ्यातून गेल्यावरही पंधरा वर्षं नवीन बॉडी मिळत होती. आता उलटं पाहा. कॅनन तेव्हाही तगडी, आजही तगडी. १९८७ ला ईएफ माउंट आणला आणि आधीच्या एफडी माउंटवाले रातोरात जुने झाले. पुन्हा २०१२ ला ईओएस एम काढला, लोकांनी हौसेनं छोट्या छोट्या लेन्स घेतल्या, मग आला आरएफ माउंट आणि त्या एमच्या लेन्स आरएफवर बसतच नाहीत. सॅमसंग घ्या. पैशाला तोटा आहे का त्या कंपनीला? २०१४ ला एनएक्स१ कॅमेरा काढला, लोक वाहवा करत होते, आणि थोड्याच काळात कॅमेऱ्यातून चुपचाप निघून गेले. मोठ्या घरासाठी कॅमेरा म्हणजे ताटातलं लोणचं, नाही वाढलं तरी जेवण होतं.

ऑलिंपसचंही तेच होतं. कॅमेरे १९३६ पासून, पण कंपनीचं पोट भरत होतं एंडोस्कोपवर. कॅमेरा तोट्यात होता. २०२० च्या जूनमध्ये जाहीर केलं, १ जानेवारी २०२१ ला कॅमेऱ्याचा कारभार जपान इंडस्ट्रियल पार्टनर्स नावाच्या गुंतवणूक फर्मकडे गेला, नवीन कंपनीचं नाव ओएम डिजिटल सोल्युशन्स. याच लोकांनी २०१४ ला सोनीकडून वायो लॅपटॉप घेतला होता, तेव्हाही लोक म्हणाले की वायो संपला. वायो अजून विकून राहिला. या नव्या कंपनीचा २०२२ ला ओएम-१ कॅमेरा, २०२४ ला त्याचा मार्क टू, २०२५ ला ओएम-३ आला. बंद पडलेली कंपनी एवढं करत नाही. पुढं काय होईल त्याची चिठ्ठी मी लिहून देत नाही. जगात २०१० साली १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे गेले होते, २०२० ला ९० लाखसुद्धा नाही. सगळ्यांचं घर मोबाईलनं बसवलं, कोणाचं कमी कोणाचं जास्त.

(गिऱ्हाईक होतं. लग्नवाला, कार्ड फॉरमॅट करून बसला. असो.)

आता माउंटचं. तुमचा माउंट मायक्रो फोर थर्ड्स, हा एकट्या ऑलिंपसचा नाही. २००८ ला ऑलिंपस आणि पॅनासॉनिकनं मिळून काढला. तुमचा फायदा इथे आहे. उद्या ओएमवाल्यांनी शटर ओढलं तरी पॅनासॉनिकची बॉडी तुमच्या लेन्सला लागते. तोटाही सांगतो, नाहीतर म्हणाल एकच बाजू सांगितली. जुन्या निकॉन एफची लेन्स कोणत्याही मिररलेसवर (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर) अडॅप्टरनं बसते, कारण त्या लेन्सला सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटर अंतर लागतं आणि नव्या बॉडीत ते १६-१८-२० असतं, मधली जागा अडॅप्टरनं भरायची. तुमच्या लेन्सला लागतं १९.२५. सोनीत १८, निकॉन झेडमध्ये १६. भरायला जागाच कुठे आहे? बसवलीच कोणी तर तिचं चित्र लहान सेन्सरपुरतं, आणि फोकस-अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) सगळं विजेवर, रिंगसुद्धा नुसती तारेनं बोलते. बॉडीनं भाषा ओळखली नाही तर तुमची लेन्स पेपरवेट. एफएम२ ला बॅटरी फक्त मीटरला लागायची, ते दिवस गेले.

पार्टचं ऐका. तुमच्यासारख्या लेन्समध्ये माझ्याकडे येतात त्या दोन गोष्टी: अ‍ॅपर्चरचा फ्लेक्स आणि पडून वाकलेला माउंट. फ्लेक्स म्हणजे तांबूस रंगाची पट्टी, करंगळीच्या नखाएवढी रुंद, आत घडी घालून बसवलेली. लेन्स फिरून फिरून घडीवर केसाएवढी चीर जाते. बाहेरून काही दिसत नाही, पण एफ/४ ला फोटो येतो आणि एफ/८ ला कॅमेरा एरर देतो. कंपनीचा पार्ट नाही मिळाला तर दिल्लीला कुचा चौधरी मार्केटमध्ये मेलेल्या कॅमेऱ्यांचा बाजार आहे, तिथून डोनर मागवतो. फोनवर 'दोन डेड बॉड्या पाठव' म्हटलं की शेजारचा चहावाला अजून दचकतो. हे सगळ्याच ब्रँडचं सांगून राहिलो. एका फार मोठ्या ब्रँडची लेन्स, नाव घेत नाही, अधिकृत सर्व्हिसला पाठवली तर पार्ट नाही म्हणून महिने गेले आणि शेवटी तशीच परत आली. तिलाही डोनरच लावला. मोठं नाव असलं की पार्ट मिळतोच असं डोक्यातून काढा.

म्हणून माझं मत: विकू नका. तुमचा तोटा विकत घेतला त्या दिवशीच झाला, आता बाजारभाव पाहून तो वाढत नाही, तुम्ही विकाल तेव्हाच तो हातात येईल. दुसरी बॉडी आत्ता घेऊ नका. बॉडीचे भाव रोज उतरतात, बिघडेल तेव्हा घ्या, स्वस्त मिळेल. मार्क टूचं शटर कंपनीच्या हिशोबानं २ लाख क्लिकचं, आणि तुमचं ते प्रो कॅप्चर इलेक्ट्रॉनिक शटरवर चालतं, त्यात यांत्रिक शटर झिजत नाही. कन्व्हर्टर घ्यायचा तर सेकंडहँड घ्या, त्यात मोटर नाही, बिघडायला फारसं काही नाही. पण एफ/४ चं एफ/५.६ होईल आणि पोहोच ८४० ची. हिवाळ्यात मजा येईल. मार्चनंतर सकाळी नऊ वाजले की तळ्यावरची हवा थरथरायला लागते, मग ८४० असो की १२००, बदकाचा डोळा उकळलेला दिसेल. त्याला कोणत्याच कंपनीकडे इलाज नाही.

पैसे घालायचेच तर बॅटरीत घाला.

पवनी गेट

शटरकाकांच्या पॅनासॉनिकच्या मुद्द्यात भर. माझ्याकडे लुमिक्स जी९ मार्क टू आहे, मित्राची हीच ३०० एफ/४ लावून उमरेड-करांडल्यात वापरली. फोकस लागतो, उडत्या पक्ष्यावरही. यात २०२३ पासून फेज डिटेक्शन (हलत्या गोष्टीवर पटकन फोकस धरायची पद्धत) आलंय, आधीच्या मायक्रो फोर थर्ड्स लुमिक्समध्ये नव्हतं, त्यामुळे जुनी लुमिक्स बॉडी स्वस्त दिसली म्हणून घेऊ नका. एक गोष्ट मिळत नाही: ऑलिंपसच्या बॉडीवर लेन्सचं आणि बॉडीचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणं) एकत्र काम करतं, ते इथे होत नाही. संथ शटरवर हात टेकायला काहीतरी शोधावं लागतं. जिप्सीत पुढच्या सीटची पाठ आहेच.

आयएसओ६४००

शटरकाका, तुम्ही म्हणता ते पटलं, पण तोटा 'झालेलाच' म्हणून धरून बसायचं हे मला पटत नाही. मोठा सेन्सर घेणारा माणूस पुढच्या दहा वर्षांचं बघतो. आज सोनी, कॅनन, निकॉन या तिघांच्या लेन्स सेकंडहँडमध्ये हव्या तेवढ्या मिळतात. ऑलिंपसची नागपुरात शोधायला गेलात तर पंधरा दिवसांत एखादी दिसते. हेही भविष्यच आहे नं?

टिटवी

एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आयएसओभाऊ, तुमचा सेकंडहँडचा मुद्दा खरा आहे, मला माझी लेन्स पुण्याहून आणावी लागली ती त्याचमुळे. पण साडेतीन किलोची लेन्स गळ्यात घालायला तुम्ही येणार आहात का रविवारी? माझे मोठ्यात मोठे प्रिंट १२ बाय १८ चे, शाळेच्या व्हरांड्यात लावते. पोरं जवळ जाऊन नाक लावून बघतात, अजून कोणाला दाणे दिसले नाहीत. पट्टकादंबाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे मात्र सातवीतल्या एकीनं मोजून दाखवले.

ठरवलं. विकत नाही. कन्व्हर्टर दिवाळीनंतर, सेकंडहँड मिळाला तर.

दोन शंका आहेत. एक, माझे जुने फोटो सगळे ओआरएफ फाइलमध्ये, म्हणजे ऑलिंपसच्या स्वतःच्या रॉ फाइलमध्ये आहेत. कंपनीच गेली तर त्या उघडतील का? दोन, शटरकाका, बॅटरीचं नीट सांगा. किती घेऊ, कोणती घेऊ? पुण्याच्या गृहस्थांनी एकच दिली होती, ती आता दुपारपर्यंत जेमतेम पुरते. आणि पावसाळ्यात लेन्स कुठे ठेवू? सध्या गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खालच्या खणात आहे.

बिनघाई

ओआरएफची काळजी नको. डार्कटेबल आणि रॉथेरपी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या कॅमेऱ्याच्या ओआरएफ आजही उघडतात, आणि ते कोणत्या कॅमेरा कंपनीच्या मालकीचं नाही. मन शांत करायचंच असेल तर अ‍ॅडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर आहे, तोही फुकट, निवडक फोटो डीएनजी (अ‍ॅडोबीची रॉ फाइल) करून ठेवा. हार्डडिस्क मात्र दोन ठेवा. कंपन्यांच्या आधी हार्डडिस्क मरतात.

जुना शटर

साड्यांच्या खणातून पहिले काढा. कापड दमट हवा धरून ठेवतं. जुलै ते सप्टेंबर माझ्याकडे ज्या बुरशीवाल्या लेन्स येतात त्या कपाटातल्या आणि लेदरच्या केसमधल्याच असतात. उघडल्यावर काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू, मधे सरकत आलेले. लवकर आणली तर पुसून निघते, उशीर केला तर कोटिंग खाऊन टाकते, मग तिथे कायमचा डाग. ड्राय कॅबिनेट घेतलं तर उत्तम. नाहीतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवायचा. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येते, पण ती कढई खायच्या कामाची ठेवू नका. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा एवढी कोरडी की डबा उघडा राहिला तरी काही होत नाही. उन्हाळ्यात भीती गाडीची. मे महिन्यात डिकीत कॅमेरा ठेवून लोक तेरवीला जातात आणि परत येईपर्यंत ग्रिपचं रबर सुटलेलं असतं.

बॅटरी. तुमचं मॉडेल बीएलएच-१. ही मार्क टू, मार्क थ्री आणि ई-एम१एक्स तिघांना चालते. ओएम-१ ची बीएलएक्स-१ वेगळी, ती तुम्हाला लागत नाही, दुकानदार 'चालेल ताई' म्हणाला तरी. ओरिजिनल दोन घ्या, दहा घेऊन साठवू नका, लिथियम पडून पडूनही म्हातारी होते. वापरायची नसेल तेव्हा फुल चार्ज करून ठेवायची नाही, निम्म्यावर ठेवायची, आणि घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. डुप्लिकेट स्वस्तात मिळतात, पण एक फुगली आणि आत अडकली तर बॉडी माझ्याकडे येते, आणि ती काढताना मी दाराचं बिजागर मोडणार नाही याची हमी देत नाही.

घेण्याआधी पुण्याच्या त्या गृहस्थांना एक फोन करा. लोक कॅमेरा विकतात आणि एखादी बॅटरी, एखादा चार्जर त्यांच्याच ड्रॉवरमध्ये राहून जातो. माझ्या गिऱ्हाइकांच्या घरी तर हमखास निघतो.